खुला पाणवठा आणि घाटावरची माणसे

एरिक रेमंड हे नाव आपल्या साहित्यिक वर्तुळात फारसे कोणी ऐकले असेल असे वाटत नाही. पण समाजकल्याणच्या वसतिगृहांतून शिकून पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे संगणकाच्या नोकरीत गेलेल्या आपल्या मुलांना ते चांगले ठाऊक असते. ह्या अमेरिकन गृहस्थांनी मे १९९७ मध्ये जर्मनीतील एका परिषदेत एक निबंध वाचला. 'द कॅथीड्रल अँड द बझार' असे त्याचे नाव. पुढे १९९९ मध्ये त्याच नावाने त्यांच्या निबंधांचे पुस्तक निघाले. पुस्तकाच्या उपशीर्षकात लेखक स्वतःला योगायोगाने झालेला क्रांतिकारक म्हणवून घेतात आणि आपल्या लेखनाला नुसते चिंतन म्हणतात. म्हणजे मी काही सिद्धांत मांडत नाही, मनात आले ते सांगतो, असा एकूण पवित्रा.

असा पवित्रा घेणाऱ्या लेखकाबद्दल आपण सावध असले पाहिजे. प्रस्थापित मराठी साहित्यातला लघुनिबंधही असाच सहज गप्पा मारीत असे. त्या गप्पांतला झोपाळा कोणाचा, अंगण कोणाचे आणि ते झाडणारी बाई कोण, हे विचारले की रसिकांचा रसभंग होई. सहज बोलणाऱ्याच्या बोलण्यात त्याची समाजव्यवस्थाही सहजच येते. तो ती मांडत नाही, म्हणून तिचा प्रतिवादही कोणी करीत नाही. रेमंड यांचे निबंध तंत्राचे पुस्तक म्हणून तपासण्याइतके माझे ज्ञान नाही. मी ते वाङ्मय म्हणून वाचले, आणि त्यातला समाज कसा आहे एवढेच पाहिले.

आधी त्यांचे म्हणणे नीट समजून घेऊ. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची संहिता. ती दोन रूपांत असते. एक रूप माणसाला वाचता येते, दुसरे फक्त यंत्राला. कंपन्या दुसरे रूप विकतात आणि पहिले कुलपात ठेवतात. मोठे सॉफ्टवेअर हे कॅथीड्रलसारखे मोजक्या निवडक कारागिरांनी शांतपणे, बंद दाराआड घडवावे लागते असा समज होता. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचे काम सुरू केले आणि तो समज मोडला. कोणीही यावे, संहिता वाचावी, चूक दाखवावी, दुरुस्ती पाठवावी. बाजाराच्या ह्या गलक्यातून भक्कम वस्तू उभी राहिली. पाहणारे डोळे पुष्कळ असले की कोणताही दोष लपून राहत नाही, हे ह्या निबंधाचे गाजलेले सूत्र आहे. अशी एकूण एकोणीस सूत्रे त्यात आहेत. लेखनाला वेग आहे, दाखले घरगुती आहेत, वाचकाला आपल्यातला एक मानून लेखक बोलतो. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले, त्यामागे ह्या निबंधाचा प्रभाव होता. एका हौशी माणसाच्या गप्पांनी एका उद्योगाचे वळण बदलले, हे साधे यश नव्हे. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. आपल्या वस्तीतले पोरगे त्या फोनवर बाबासाहेबांचे भाषण ऐकते तेव्हा ह्या मंडळींच्या श्रमाचा वाटा त्यात असतो. ते ऋण मान्य करूनच पुढचे बोलायचे आहे.

रेमंड ज्या परंपरेचा वारसा सांगतात तिचा इतिहास स्टीव्हन लेव्ही यांनी 'हॅकर्स' ह्या १९८४ च्या पुस्तकात लिहिला आहे. हॅकर म्हणजे संगणकचोर हा अर्थ नंतरचा. मुळात संगणकात जीव रमलेला कुशल माणूस, एवढाच त्याचा अर्थ. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी. ह्या संस्थेत आय.बी.एम. ७०४ नावाचे अवाढव्य यंत्र होते. विद्यार्थ्याने त्याला हात लावायचा नाही. भोके पाडलेली कार्डे तयार करायची, त्यावर नेमलेल्या माणसांच्या हाती द्यायची आणि निकालाची वाट पाहायची. ह्या नेमलेल्या माणसांना लेव्ही पुरोहितवर्ग म्हणतात. ह्या पुरोहितांविरुद्ध काही विद्यार्थ्यांनी बंड केले. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती चालवणाऱ्या एका क्लबातली ही मुले होती. १९५८ मध्ये टी.एक्स.-० हे दुसरे यंत्र आले. त्याच्यासमोर रात्री-अपरात्री थेट बसता येई. त्या रात्रींतून त्यांची एक नीती घडली. यंत्राला हात लावण्याचा अधिकार सर्वांना असावा, ज्ञान खुले असावे, सत्तेवर विश्वास ठेवू नये, आणि माणसाची पारख त्याची पदवी, वय, वंश, हुद्दा यांवरून न करता त्याच्या कामावरून करावी.

हे वाचताना दलित वाचकाच्या अंगावर काटा येतो. स्पर्शबंदी, पुरोहित, प्रवेश, जन्मावरून पारख न करणे, हा सगळा आपल्याच लढ्याचा शब्दकोश आहे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण त्याच पुस्तकात लेव्ही नोंदवतात की ह्या पहिल्या पिढीत नाव घेण्यासारखी एकही स्त्री हॅकर नव्हती. ते आश्चर्य व्यक्त करतात आणि पुढे जातात. समीक्षकाने तेथे थांबले पाहिजे. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी बसलेली माणसे आणि ही मुले, दोघेही दार उघडा म्हणत होते हे खरे. पण ही मुले देवळाच्या आवारात राहणारी होती. त्यांचे भांडण फक्त गाभाऱ्याच्या उंबरठ्यापुरते होते. आवाराच्या वेशीपाशी कोणाला अडवले आहे, हे त्यांना दिसलेच नाही. पाहण्याची गरज पडली नाही.

ह्या परंपरेतला खरा विद्रोही रिचर्ड स्टॉलमन. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये त्याचा जाहीरनामा आला, १९८९ मध्ये परवाना. परवाना असा की ही संहिता वाचा, बदला, वाटा. पण वाटताना तुम्हाला मिळालेली मोकळीक पुढच्या माणसालाही दिली पाहिजे. मालकीच्या कायद्याचाच आधार घेऊन मालकीचे कुलूप उघडायचे, अशी ही वकिली युक्ती आहे आणि ती विलक्षण आहे. स्टॉलमन स्वातंत्र्याच्या भाषेत बोलतात. रेमंड व त्यांच्या सहकाऱ्यांना ती नैतिक भाषा उद्योगपतींना बिचकवणारी वाटली. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आला. तो सुचवला क्रिस्टीन पीटरसन ह्या बाईंनी. स्वातंत्र्याच्या जागी सोय आली, आणि व्यापाराची वाट मोकळी झाली.

पण परवाना स्टॉलमन यांचा असो की इतरांचा, त्याने काय खुले होते आणि काय होत नाही, हे समजण्यासाठी आपल्याला अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे परवाना झाला. तरी सवर्णांच्या विरोधामुळे अस्पृश्यांना तेथे पाणी भरता आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पाणी प्यायल्यावर आमच्या माणसांची डोकी फुटली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ साल लागले. पाणी कागदावर खुले असते तेव्हा घाटावर कोण बसले आहे हे पाहावे लागते. रेमंड यांच्या बाजाराबद्दल माझी पहिली तक्रार हीच आहे. ते पाण्याबद्दल सुंदर बोलतात; घाटाबद्दल बोलतच नाहीत.

घाटावरची पहिली पायरी गुणवत्तेची. येथे जात, धर्म, वंश काही नाही, फक्त संहिता बोलते, असे ह्या समाजात सर्रास सांगितले जाते. गिटहब ही कंपनी अशा संहितांचे जगातले मोठे कोठार. तिच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कचेरीत अमेरिकन अध्यक्षांच्या दालनाची नक्कल केलेली एक खोली होती आणि तिच्यात गुणवत्तेच्या राज्याचा जयजयकार करणारा गालिचा अंथरलेला होता. टीका झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये तो काढला. याच कंपनीने २०१७ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्यांची पाहणी केली. उत्तर देणाऱ्यांत पुरुष ९५ टक्के होते, स्त्रिया ३ टक्के. ज्या पाणवठ्यावर शंभरातल्या तीनच बायका दिसतात, तो सर्वांना खुला आहे असे म्हणणाऱ्याला कोणत्याही गावात वेड्यात काढतील.

आपल्या वाचकांना ह्या युक्तिवादाचे मराठी रूप चांगले परिचित आहे. दलित साहित्य प्रथम आले तेव्हा कलावादी समीक्षक म्हणाले, आम्ही लेखकाची जात पाहत नाही, कलाकृती पाहतो. कलाकृती स्वतः बोलते. ती कोणत्या भाषेत बोलली म्हणजे ह्यांना ऐकू येते, सौंदर्याचे निकष कोणाच्या घरात घडले, हे विचारले की विषयांतर होते म्हणत. संहिता स्वतः बोलते म्हणणारा संगणकवाला आणि कलाकृती स्वतः बोलते म्हणणारा समीक्षक हे एकाच शाळेत शिकले आहेत. दोघेही प्रामाणिक असू शकतात, हे मी मुद्दाम सांगतो. आपण जात पाळतो असे त्यांना खरोखरच वाटत नाही. अजंता सुब्रमण्यन यांनी २०१९ च्या 'द कास्ट ऑफ मेरिट' ह्या ग्रंथात मद्रासच्या आय.आय.टी.चा अभ्यास करून हेच दाखवले. पिढ्यान्‌पिढ्या जातीने जे कमावले त्याचे रूपांतर गुणवत्तेत झाले की त्यावरचे जातीचे नाव पुसले जाते. मग जात उरते ती फक्त राखीव जागेवर आलेल्या मुलाच्या कपाळावर.

दुसरी पायरी प्रश्न विचारण्याची. रेमंड यांनी रिक मोएन ह्यांच्यासमवेत २००१ मध्ये प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत ह्यावर एक लांबलचक मार्गदर्शिका लिहिली. अनेक भाषांत तिची भाषांतरे झाली. तिच्यात सल्ला वाईट नाही. आधी स्वतः शोधावे, नेमके सांगावे, कोणते यंत्र, काय केले, काय झाले ते लिहावे. शिक्षक म्हणून मीही मुलांना हेच सांगतो. पण तिचा सूर पाहा. आम्ही तज्ज्ञ आहोत, फुकट मदत करतो, म्हणून आळशी प्रश्न निर्दयपणे बाजूला सारतो. तुम्हाला जो उर्मटपणा वाटतो तो आमच्याकडील सरळ बोलण्याचा प्रकार आहे, तो सोसायला शिका. इंग्रजीत शुद्धलेखनाच्या चुका करणारा विचारातही गबाळा असण्याची शक्यता फार. इंग्रजी मातृभाषा नसल्यास तसे सांगावे, एवढी सवलत आहे. म्हणजे हा प्रश्न विचारण्याचा शिष्टाचार नाही. प्रश्न विचारायला कोण पात्र, ह्याची ती कसोटी आहे. आपल्याकडे ह्याला अधिकारभेद म्हणत. ज्ञान सर्वांचे, पण जिज्ञासूने समिधा हातात घेऊन, ठरल्या रीतीने, ठरल्या उच्चारात विचारले पाहिजे. ज्यांच्या घरात ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली त्यांना ती रीत वाटतच नाही, श्वासासारखी वाटते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे सांगतो. नाव सांगत नाही, त्याने तशी विनंती केली आहे. त्याच्याकडे आपल्या चळवळीतल्या नियतकालिकांच्या काही जुन्या अंकांच्या संगणकीय प्रती होत्या. त्या ज्या काळात टंकित झाल्या तेव्हा प्रत्येक मराठी टंकाची सांकेतिक योजना वेगळी असे. तो टंक यंत्रावर नसेल तर सबंध लेख इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. हा मजकूर युनिकोडमध्ये आणावा म्हणून तो एक साधन लिहीत होता. मध्येच अडला. त्याने एका आंतरराष्ट्रीय चर्चागटात मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारला. उत्तर म्हणून त्याला त्या मार्गदर्शिकेचा पत्ता मिळाला, सोबत एक शब्दही नाही. तो म्हणाला, "सर, मला राग नाही आला. मला फक्त गावातला तलाठी आठवला. अर्ज नीट लिहून आण, म्हणायचा." त्याने अर्ज नीट लिहिला. दुसऱ्या वेळी तीन दिवस खपून, शब्दकोश घेऊन प्रश्न लिहिला आणि एका अनोळखी जर्मन माणसाने त्याला चार पाने भरून उत्तर दिले. हेही सांगितले पाहिजे. त्या जर्मन माणसाला आपण नावे ठेवू शकत नाही. पण त्या तीन दिवसांचा हिशेब रेमंड यांच्या बाजारात कोणत्या वहीत लिहिला जातो?

तिसरा निबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. १९९८ चा 'होमस्टेडिंग द नूस्फिअर'. त्यात रेमंड आपल्या जमातीचे मानववंशशास्त्रज्ञ होतात. खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प कोणाचा मानावा, ह्याचे अलिखित नियम ते शोधतात. कायद्याने कोणीही संहिता घेऊन वेगळी चूल मांडू शकतो. मग लोक मूळ मालकाला का मानतात? त्यांचे उत्तर असे की हे नियम जमिनीच्या मालकीविषयी जॉन लॉक यांनी मांडलेल्या नियमांसारखे आहेत. ओसाड जमिनीत प्रथम जाऊन ज्याने आपला श्रम मिसळला त्याची ती जमीन. कल्पनेचा प्रदेश असा ओसाड पडलेला आहे, आणि हॅकर त्यात वसाहत करतो.

निबंध म्हणून ही कल्पना चमकदार आहे. पण रूपक निवडताना लेखक आपला इतिहास निवडत असतो. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अर्जदाराला १६० एकर जमीन मिळे. ती जमीन ओसाड नव्हती. तेथे आदिवासी जमाती राहत होत्या. त्यांना हटवून ती ओसाड करण्यात आली होती. रेमंड यांना आपल्या रूपकाच्या पायाखाली हे काही जाणवत नाही. आणि श्रम मिसळल्याने मालकी येते हे तत्त्व खरे असते, तर महाराष्ट्रातल्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर असता? दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला तो का? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा घाम मातीत मुरला त्यांच्या वाट्याला गायरानाचा तुकडाही सुखासुखी आला नाही. लॉक यांचे तत्त्व श्रमाला मालकी देत नाही. ज्याच्या श्रमाची नोंद होते त्याला देते.

सॉफ्टवेअरमध्येही तेच घडते. रेमंड म्हणतात, हा दानाचा समाज आहे. येथे प्रतिष्ठा मिळते ती तुम्ही काय दिले त्यावरून. दानाची संस्कृती विपुलतेतून येते, हे ते स्वतःच कबूल करतात. यंत्रे विपुल, जाळे विपुल. वेळ कोणाजवळ विपुल असतो, हा प्रश्न मात्र त्यांना पडत नाही. पहिल्या पगारातून गावी घराचे छप्पर दुरुस्त करणारा, बहिणीची फी भरणारा, सुटीच्या दिवशी जादा काम घेणारा मुलगा दान कशाचे करणार? आणि आता नोकरीच्या मुलाखतीत तुम्ही फावल्या वेळात काय दिलेत ते दाखवा असे विचारतात. म्हणजे दान ही पात्रतेची अट झाली. ज्याला दान परवडते तो गुणवंत ठरला.

आणि पुष्कळ डोळ्यांच्या सूत्राचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. बँका, दुकाने, सरकारे ह्यांचे गुप्त व्यवहार ज्या ओपन-एस.एस.एल. नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यात २०१२ मध्ये एक गंभीर दोष शिरला. तो दोन वर्षे सर्वांसमोर उघडा पडलेला होता. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' ह्या नावाने तो जगाला कळला, तेव्हा असेही कळले की ते सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसे मोजकीच होती आणि वर्षाला देणग्या यायच्या सुमारे दोन हजार डॉलर. मार्च २०२४ मध्ये 'एक्स.झेड.' ह्या छोट्या पण सर्वत्र वापरात असलेल्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट बसवल्याचे उघड झाले. ते साधन वर्षानुवर्षे एकच थकलेला माणूस फुकट सांभाळीत होता. काम लवकर करीत नाही म्हणून त्याच्यावर दडपण आणले गेले, आणि मदतनीस बनून आलेल्याने त्याचा विश्वास मिळवून घात केला. चोरवाट सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड ह्या एका अभियंत्याच्या चिकाटीने. यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो, एवढ्यावरून तो मागे लागला. म्हणजे डोळे पुष्कळ नव्हते, दोनच होते. कारण उघड आहे. पाणी प्यायला गाव येते. तळ्यातला गाळ काढायला कोण येतो? झाडलोट, देखभाल, गाळ उपसणे ह्या कामांना मान नाही हा नियम केवळ गावकुसाबाहेरचा नाही, हे मला ह्या वाचनातून नव्याने कळले.

आता नावाचा प्रश्न. जाळ्यावर तुम्ही कोण हे कोणालाच कळत नाही, म्हणून तेथे भेद नाही, असे ह्या हौशी मंडळींचे आवडते मत आहे. २०१७ मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी गिटहबवर पाठवलेल्या दुरुस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकंदरीत स्त्रियांच्या दुरुस्त्या पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या गेल्या होत्या. पण प्रकल्पात नवख्या असलेल्या व्यक्तीच्या नावावरून वा चित्रावरून ती स्त्री आहे हे ओळखू येत असेल, तर तिच्या दुरुस्त्या पुरुषांपेक्षा कमी स्वीकारल्या जात. काम तेच, पारख करणारे तेच. फरक नावाचा. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा कमी निघाली.

मग नाव लपवा, असा सोपा उपाय सुचवतात. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. जात चोरून जगण्याची किंमत काय असते हे ज्याने ती कथा वाचली त्याला सांगावे लागत नाही. निनावीपणा हा रेमंड यांच्या समाजात खेळ आहे, कपड्यासारखा घालावा नि काढावा. आपल्यासाठी तो पकडले जाण्याच्या भीतीचा दुसरा शब्द आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याला पडद्यावर कोणी जात विचारली नाही, हे अगदी खरे. पुढे त्याच्या शहरात खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा भरला, तेव्हा चहाच्या वेळी एकाने हसत हसत पूर्ण नाव विचारले, दुसऱ्याने कोणत्या कॉलेजचा ते विचारले, आणि तिसऱ्याने कोणत्या कोट्यातून. तो पुन्हा मेळाव्याला गेला नाही. दुरुस्त्या मात्र पाठवीत राहिला.

हे केवळ आपल्या देशातले दुखणे नाही. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या एका सरकारी खात्याने सिस्को ह्या मोठ्या कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय वंशाच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला. आरोप असा की एका दलित अभियंत्याची जात, तो राखीव जागेवर आय.आय.टी.त आला होता असे सांगून, सहकाऱ्यांत उघड करण्यात आली आणि तक्रार केल्यावर त्याला बाजूला सारले गेले. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये त्या दोघा अधिकाऱ्यांवरचा दावा मागे घेण्यात आला. त्याच वर्षी सिअॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा मंजूर केला, पण राज्यपालांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. खटल्याचे काय व्हायचे ते होवो. जात सात समुद्र ओलांडून संगणकाच्या कंपनीत पोचली की नाही, ह्यावर अमेरिकेत कायदेमंडळांना चर्चा करावी लागते, हे सत्य उरतेच.

ह्या समाजात बदल झालेलेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०१८ मध्ये टोर्व्हाल्ड्स यांनी सहकाऱ्यांना पत्रांतून केलेल्या शिवराळपणाबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि लिनक्सने वर्तनाची आचारसंहिता स्वीकारली. २०२० मध्ये गिटहबने मुख्य शाखेला लावला जाणारा 'मास्टर' हा शब्द बदलला. यंत्रांच्या जोडीला मालक व गुलाम म्हणण्याची रीतही अनेक प्रकल्पांनी सोडली. शब्द बदलल्याने घर बदलत नाही, हे 'हरिजन' शब्दाचा अनुभव घेतलेल्या आपल्याला कोणी शिकवायला नको. पण एक शब्द बदलल्याबरोबर गुणवत्ता बुडाली, राजकारण शिरले, असा जो आक्रोश त्या हौशी मंडळींत झाला तो पाहिल्यावर शब्दात काहीच नव्हते असेही म्हणवत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहीजण म्हणतील की हे सारे परक्यांचे भांडण आहे, आपल्याला त्याचे काय? मला हे मान्य नाही. साठ-सत्तरच्या दशकांत सायक्लोस्टाइल यंत्र हाती आले म्हणून आपली अनियतकालिके निघाली. त्या यंत्राची शाई, कागद, स्टेन्सिल आपल्या हातात होते. आज आपले लिखाण ज्या यंत्रणांवरून फिरते त्यांची किल्ली दुसऱ्यांकडे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचा फलक हाती घेतलेले ट्विटरच्या प्रमुखांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि काही दिवसांतच त्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याने क्षमा मागितली. अशा वेळी स्टॉलमन यांचा परवाना आपल्या कामाचा आहे. रेमंड यांचा बाजारही आहे, फक्त तेथे जाताना तो बाजार आहे हे लक्षात ठेवून जावे.

तो विद्यार्थी मागच्या महिन्यात भेटला. त्याचे साधन आता बऱ्यापैकी चालते. संहिता त्याने खुली ठेवली आहे. सोबतची माहितीपत्रिका त्याने मराठीत लिहिली, इंग्रजी नंतर. प्रश्न विचारण्याविषयी तिच्यात एकच वाक्य आहे, की कसाही विचारा. तीन जुन्या अंकांचे रूपांतर पुरे झाले आहे. अडचण उरली आहे ती 'दऱ्या' आणि 'दर्या' ह्यांची. जुन्या टंकात दोन्ही 'र' वेगळे होते, रूपांतरात एक होतात, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. प्रत्येक ठिकाणी माणसाने डोळ्यांनी तपासावे लागते. त्याला मुद्रिते वाचणारी माणसे हवी आहेत.